बिनगव्हाचं घर

माझी धाकटी बहीण जन्मली ती देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, दिवाळीनंतर. मी तेव्हा सात वर्षांची होते. बाबूजी गोंदियाच्या स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होते आणि आम्ही रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबूजींचं गाव तिरोड्याकडचं, मायचं अर्जुनी मोरगावकडचं, म्हणजे दोन्हीकडून आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. गावी पोळी व्हायची ती सणाला नाहीतर पाहुणा आला तर. क्वार्टरमध्ये मात्र रोज पोळी व्हायची. रेशनवर गहू मिळायचा, आजूबाजूची बरीच कुटुंबं हिंदी मुलखातली होती, आणि रोज तव्यावर पोळी फुगणं हे आपलं घर सुधारल्याचं लक्षण आहे असं बाबूजींना मनापासून वाटायचं.

पहिलं वर्षभर बहीण अशी गुटगुटीत होती की क्वार्टरच्या ओळीतल्या बाया तिला आळीपाळीने उचलून न्यायच्या. मग तिला वरचं अन्न सुरू झालं. आधी मऊ भात, मग दुधात कुस्करलेली पोळी. दीड वर्षाची होईतो ती ओळखू येईनाशी झाली. पोट फुगून पुढे आलेलं, हातपाय काड्यांसारखे, मागच्या बाजूला मांस असं उरलंच नव्हतं, नुसत्या कातडीच्या घड्या. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, फिकट शी व्हायची आणि तिला असा वास असायचा की माय लुगड्याचा पदर नाकाला बांधून दुपटी धुवायची. चालायला लागलेली पोर पुन्हा बसली. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा स्वभाव बदलला. ती कोणाकडेच येईना. मी जवळ गेले की तोंड भिंतीकडे फिरवायची. दीड वर्षाचं लेकरू इतकं उदास असू शकतं हे मी तेव्हा पाहिलं.

औषधं सगळी झाली. जंताचं झालं, वैद्याच्या मुळ्या झाल्या, गळ्यात ताईत बांधून झाला. बाजाराच्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि सांगितलं की आतडी कमजोर आहेत, पचेल असं हलकं द्या. हलकं म्हणजे बार्लीचं पाणी, दुधात भिजवलेलं बिस्कीट, भाजलेला पाव. मायने ते अगदी नेमाने दिलं. शेजारची चाची बनारसकडची होती, मायाळू बाई. ती रोज यायची आणि म्हणायची, "बहनजी, चावल में क्या ताकत है? रोटी खिलाओ, घी लगा के. देखना, कैसी खड़ी हो जाती है." माय तेही करायची. जितकं ती करत होती तितकी पोर खंगत होती.

माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा एक दिवस माय बाबूजींना म्हणाली, "मी हिले घेऊन माह्या गावाले जातो. जगली तं आनतो."

बाबूजींनी आम्हा तिघींना छोट्या लाईनच्या गाडीत बसवून दिलं. पुढे मामाची बैलगाडी आली होती.

मायच्या गावात एक मोठा तलाव होता आणि तलावाच्या पाण्यावर धान. मामाच्या घरी त्या उन्हाळ्यात गव्हाचा दाणा नव्हता. मामी बहिणीला पातळ पेज द्यायची, मग दोन दिवसांनी मऊ भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं पाणी, कधी तलावातल्या बारीक मासोळीचा रस्सा. औषध म्हणून काहीच नव्हतं. पहिले दहा-बारा दिवस काही फरक दिसला नाही. मग एका सकाळी मामी तिला भरवत होती आणि भात संपला तेव्हा बहिणीने मामीचा हात धरून ठेवला. तिला आणखी हवा होता. किती महिन्यांनी तिने काही मागितलं होतं! मामीने मायला हाक मारली आणि माय गोठ्यातून शेणाच्या हातांनीच धावत आली.

दोन महिन्यांत ती दारापासून गोठ्यापर्यंत एकटी चालायला लागली. पोट उतरलं. ती माझ्या अंगावर झोपून माझे केस ओढायची आणि हसायची.

आम्ही गोंदियाला परतलो तेव्हा क्वार्टरच्या ओळीत सणच झाला. मायने रव्याचा शिरा केला. चाचीने पुऱ्या आणल्या. बाबूजी पोरीला खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत फिरवून आले. आणि महिना पुरता व्हायच्या आत पुन्हा तेच. तोच वास, तेच पोट, तेच भिंतीकडे फिरवलेलं तोंड.

सगळे म्हणाले, गावचं पाणी तिला मानवलं होतं, इथलं मानवत नाही. ह्याच ठिकाणी दुसरी एखादी बाई पोरीला घेऊन पुन्हा माहेरी गेली असती, किंवा नशिबावर सोडून बसली असती. माय चौथीपर्यंत शिकली होती आणि चौथीनंतर तिने हातात पुस्तक धरलं नव्हतं. पण ती म्हणाली, "पानी असन तं पानी आनून पाहू."

छोट्या लाईनवर बाबूजींच्या ओळखीचे एक गार्ड होते. मामाने तलावाशेजारच्या विहिरीचं पाणी तांब्याच्या घागरीत भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि स्टेशनवर आणून द्यायचं. गार्ड ती घागर आपल्या डब्यात ठेवून गोंदियाला आणायचे. असं तीन आठवडे चाललं. बहिणीला पिण्यासाठी तेच पाणी, तिचा भातही त्याच पाण्यात. बाकी सगळं मायने मुद्दाम होतं तसंच ठेवलं. पोर काडीइतकीही सुधारली नाही.

"आता?" बाबूजींनी विचारलं.

"आता पानी नाई, हे तं समजलं," माय म्हणाली. "हवा काही मले घागरीत आनता येत नाई. खान्याचं पाहून घेतो."

तिने मला पाटी घेऊन समोर बसवलं. "तिथं तिनं का का खाल्लं ते एका बाजूले लिही. इथं का खाऊन राहिली ते दुसऱ्या बाजूले." मी लिहीत गेले. भात, डाळ, दूध दोन्हीकडे होतं. मासोळी फक्त तिकडे होती. इकडच्या बाजूला पोळी, शिरा, बिस्कीट, पाव, बार्ली. मायला मी वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, "बार्ली का असते? कशापासून करतात?"

मला ठाऊक नव्हतं. बाबूजींनी दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात विचारलं आणि येऊन सांगितलं, "जव."

"जव म्हणजे गव्हाचाच भाऊबंद," माय म्हणाली. "मंग हे सारं एकच झालं."

त्या दिवसापासून तिने बहिणीचं हे सगळं बंद केलं. चाचीला फार वाईट वाटलं. आजारी लेकराच्या तोंडचं बिस्कीट काढून घेणारी आई तिने पाहिली नव्हती, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. माय नुसतं ऐकून घ्यायची.

बहीण सुधारू लागली, पण पूर्ण नाही. चार दिवस बरे जायचे, मग एकदम वाईट. माय भांडी वेगळी घासायला लागली, दुधवाल्याला विचारून आली, भाजीवर संशय घेऊन पाहिला. ती तेव्हा फार खचली होती. एका संध्याकाळी बाबूजी कामावरून आले, कोट खुंटीला अडकवायला वळले, तर बहीण सरपटत पुढे गेली आणि तिने थेट कोटाच्या डाव्या खिशात हात घातला. इतक्या सवयीने, की मायचं लक्ष गेलं.

खिशात बिस्कीट होतं. स्टेशनवरच्या चहाच्या ठेल्यावरचं, कागदात गुंडाळलेलं.

"काऊन?" माय एवढंच म्हणाली.

बाबूजी खाटेवर बसले. मी त्यांना असं मान खाली घालून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मले वाटलं, एका बिस्किटानं का होते," ते म्हणाले. "दिवसभर ती माह्याकडे पाहत नाई. हे देल्लं का हासते."

मला वाटलं आता माय भडकणार. ती बाबूजींच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "मलेही तिचं हासू पाह्याचं आहे. पन आजचं नाई, दहा वर्सानंतरचं पाह्याचं आहे."

बाबूजी उठले आणि त्यांनी ते बिस्कीट बाहेर नेऊन गायीला घातलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्यापासून माह्या डब्यातही पोळी नको. घरात असली का तिचा हात जाते." ज्या माणसाला रोजच्या पोळीचा इतका अभिमान होता, त्याने हे स्वतःहून सांगितलं. मला आजही बाबूजी आठवतात ते बहुतेक वेळा त्या रात्रीचे. पुढे आमच्या रेशनचा गहू चाचीकडे जाऊ लागला आणि तिच्या वाट्याचा तांदूळ आमच्याकडे. चाचीनेच ते सुचवलं होतं. पोर दारात खेळताना दिसायला लागली तसं तिचं मत बदललं, आणि मग ती ओळीतल्या इतर बायांना आमच्या वतीने दटावू लागली, "अरे, उसको मत देना, उसकी माँ से पूछ के देना!"

वर्षभराने माय बहिणीला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होते. डॉक्टरांना पोर ओळखू आली नाही. मायने सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाव, घागर, पाटी, खिसा. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, बाई?"

"कोनी नाई. तिच्या पोटानंच सांगतलं."

"बार्लीचं पाणी मीच लिहून दिलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो. चांगल्यासाठीच देल्लं होतं तुमी."

एखादा डॉक्टर ह्यावर हसून म्हणाला असता, बाई, गव्हाने कोणी मरत नाही. ह्यांनी तसं केलं नाही. त्यांनी बहिणीचं वजन केलं, कागदावर टिपून घेतलं आणि म्हणाले, "मी नागपूरला माझ्या मास्तरांना लिहून विचारतो. तोवर तुम्ही करता आहात तेच करा."

उत्तर यायला खूप दिवस लागले. बहीण पाचव्या वर्षात असेल तेव्हा डॉक्टर एका रविवारी सायकलवरून आमच्या क्वार्टरला आले. चहा घेताघेता त्यांनी जे सांगितलं ते मी दारात बसून ऐकलं. युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे अशीच मुलं होती, फुगलेल्या पोटाची, खंगणारी. महायुद्धात तिथे पावाचा तुटवडा पडला. बाकीची माणसं उपाशी, पण ही मुलं मात्र सुधारली. पुढे पाव पुन्हा मिळू लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. तिथल्या एका मुलांच्या डॉक्टरांनी ते ओळखलं आणि धडपडून सिद्ध केलं.

"गव्हात एक चिकट भाग असतो," डॉक्टर म्हणाले. "कणीक मळली की ताणली जाते ती त्याच्यामुळे. त्याला ग्लुटेन म्हणतात. जवातही त्याच्यासारखंच असतं. हिच्या आतड्याला ते सोसत नाही. आणि आतडं बिघडलं की बाकी खाल्लेलंही अंगी लागत नाही. आजाराचं नाव सिलिअॅक."

मायला नावाचं काही वाटलं नाही. तिने विचारलं, "मोठी झाली का जमन तिले?"

"नाही. गहू बंद आहे म्हणून ती बरी आहे. आजार गेला म्हणून नव्हे. हे जन्मभर पाळावं लागेल."

माय उठून चुलीकडे गेली आणि काही वेळ परत आली नाही. तिच्या मनात कुठेतरी आशा असावी की पोर धडधाकट झाली की एक दिवस सगळ्यांबरोबर पुरणपोळी खाईल. डॉक्टर थांबले. ती आल्यावर त्यांनी तिला सांगितलं की तो चिकट भाग डोळ्यांनी पाहता येतो. मळलेल्या कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहायचं. पांढरं पीठ वाहून जातं आणि तो उरतो.

ते गेल्यावर माय चाचीकडून लिंबाएवढी कणीक मागून आली. अंगणात बसून तिने ती तांब्यातल्या पाण्याखाली चोळली. मी पाणी ओतत होते. पाणी आधी दुधासारखं जात होतं, मग निवळ झालं, आणि तिच्या बोटांत रबरासारखं करडं, ओलसर काहीतरी उरलं. तिने ते ताणलं. ते लांब झालं आणि सोडल्यावर परत आलं. "पाह्य," ती मला म्हणाली, "एवढ्यासाठी माही पोर मरून राहिली होती." मग तिने हात तीनदा धुतले.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक कोंब असतात आणि ह्या आजारात शरीर स्वतःच त्यांच्यावर उठतं, ते झिजून सपाट होतात, हे सगळं मी पुढे मोठेपणी वाचलं. वाचताना प्रत्येक वेळी मला आमचं अंगण दिसलं आहे.

सांभाळणं तेवढ्यावर संपलं नाही. एकदा पोर पुन्हा बिघडली आणि काही सापडेना. घरात गहू नाही, कोणी चोरून देत नाही. मायने शेवटी माझ्या हातातला डबा पाहिला. आम्ही तांदळाचं पीठ चक्कीवरून दळून आणत होतो, आणि चक्कीवर आमच्या आधी बहुतेक कोणाचा तरी गहू असायचा. पुढच्या आठवड्यात मामाच्या घरचं जातं छोट्या लाईनने आलं. त्या दिवसापासून मी लग्न होऊन जाईपर्यंत एक दिवसाआड मायच्या समोर बसून तांदूळ आणि ज्वारी दळली. हात भरून यायचे, मी कुरकुर करायचे. बहीण मोठी झाली तशी मला बाजूला सारून स्वतः खुंटा धरायची. सणाला आमच्याकडे अनारसे, तांदळाचे चिले म्हणजे धिरडी, लाखोळीचे वडे व्हायचे. तिला वेगळं ताट लागू नये म्हणून मायने सगळ्या घराचंच ताट बदलून टाकलं होतं.

बाहेर मात्र रोज परीक्षा होती. नातेवाईक म्हणायचे, पोरीचे फार लाड आहेत, उद्या सासरी कोण ऐकेल? तिरोड्याकडच्या एका लग्नात बाबूजींच्या काकूने तिच्या पानात पुरी वाढली आणि म्हणाली, "खाय वं, एका पुरीनं का मरते?" बहीण आठ वर्षांची होती. तिने शांतपणे उत्तर दिलं, "मरत नाई आजी, पन महिनाभर शाळा बुडते. तुमी माहा पाढा घेता का मंग?" सगळी पंगत हसली, काकूसुद्धा, आणि पुरी उचलली गेली. नागऱ्याच्या महादेवाला गेलो की प्रसादाचा शिरा मिळायचा. तो ती दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि माझ्या हातावर ठेवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एवढीशी पोर, तुपाचा वास नाकात, आणि चेहऱ्यावर हट्ट नाही की रड नाही. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी असून मला ते जमलं नसतं.

हळूहळू मायचं नाव झालं. खंगलेली लेकरं घेऊन बाया आमच्या दारात येऊ लागल्या. माय सगळ्यांचं ऐकायची, पण सगळ्यांना गहू बंद करा असं तिने कधीच सांगितलं नाही. एक बाई आमगावकडून आली होती, तिच्या पोराचं पोट असंच फुगलेलं. मायने विचारलं, घरी काय खाता? बाई म्हणाली, भातच, गहू कुठला? "मंग हे ते नाई," माय म्हणाली. "याचं दुसरंच काही आहे. चाल, डॉक्टरकडे जाऊ." ती स्वतः सोबत गेली. त्या पोराला जुना हिवताप होता, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. औषधाने तो बरा झाला. आपल्याला एक गोष्ट कळली म्हणजे सगळंच कळलं असं तिला कधी वाटलं नाही.

माझं लग्न होऊन मी भंडाऱ्याला गेले तेव्हा बहीण सातवीत होती. उंचीने जरा कमी राहिली, बाकी काही नाही. शाळेत पळण्यात पहिली यायची. पुढे शिकली, मास्तरीण झाली, संसार केला, दोन मुलं झाली. सासू भली मिळाली, तिनेही जातं ठेवलं.

बऱ्याच वर्षांनी नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता ह्याच्या तपासण्या निघाल्या आहेत, पण खात्री करायची तर आधी काही आठवडे गहू खावा लागेल, त्याशिवाय आतड्यात काही दिसणार नाही. तिने नको म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, मग तुमचं निदान केलं कोणी? तिने मायचं सांगितलं. पूर्ण सांगायला तिला अर्धा तास लागला, आणि ते ऐकत राहिले.